सेंट्रल ओटागोला यायचे असेल तर

सप्रेम नमस्कार. दिंडोरीच्या वायनरीत काही हंगाम काढल्यावर न्यूझीलंडच्या दक्षिण भागातील सेंट्रल ओटागो या वाइनच्या प्रदेशात येऊन स्थायिक व्हावे का, आणि फ्रेंच वाइनमेकर येथे येऊन स्थानिकांबरोबर रेड वाइन करतात हे कितपत खरे, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचा निर्णय तुम्हाला त्यावरूनच घ्यावा लागेल.

ते खरे आहे. फ्रान्सच्या बरगंडी प्रदेशातील शांबोल-म्युझिनी गावच्या कोंत जॉर्ज द व्होग्युए या घराण्याची वाइन १९८६ पासून दीर्घकाळ सांभाळणारे फ्रान्स्वा मिये आणि येथील प्रॉफेट्स रॉक वायनरीचे वाइनमेकर पॉल पुजोल यांनी २०१५ च्या हंगामापासून ‘क्युवे ओझ आंतिपोद’ ही पिनो न्वार (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षांची रेड वाइन) मिळून केली. हे जमते ते ऋतूंमुळे. बरगंडीची तोडणी साधारण सप्टेंबरात होते, येथील मार्च-एप्रिलमध्ये, त्यामुळे एकच माणूस वर्षात दोन हंगाम करू शकतो. तुमची नाशिकची तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत आटोपत असल्याने तुम्हीही तिकडचा हंगाम संपवून येथे वेळेवर पोहोचू शकता, आणि हा तुमचा मोठा फायदा आहे. बरगंडी आणि सेंट्रल ओटागो यांच्यात तरुण कामगारांची देवाणघेवाणही चालते. मात्र ती या दोन प्रदेशांसाठी आहे, तिच्यात जागा मिळेल असे धरून निघू नका.

बागेतले काम मात्र तुम्हाला नव्याने शिकावे लागेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी असे वर्षाचे दोन टप्पे असतात. ४५ अंश दक्षिण अक्षांशावर वेल हिवाळ्यात स्वतःच झोपतो आणि छाटणी एकदाच होते. येथे भीती अवकाळी पावसापेक्षा वसंतातील कडाक्याच्या थंडीची असते. कोवळी फूट गोठू नये म्हणून रात्री उंच खांबांवरचे पंखे सुरू करून वरची उबदार हवा खाली ओढतात, काही ठिकाणी वेलींवर पाणी फवारतात, कारण पाण्याचे बर्फ होताना बाहेर पडणारी उष्णता वेलीचे डोळे, म्हणजे फुटवे, वाचवते. अशा रात्री पंख्यांच्या आवाजात झोप लागत नाही, आणि लागूही नये असे मला वाटते.

वायनरीत तुमचा अनुभव अधिक कामी येईल. उन्हाने आम्लता उतरल्यामुळे टार्टरिक आम्ल घालावे लागते हे तुम्ही पाहिले असेल. येथे थंड रात्री ती आम्लता मण्यातच टिकवून धरतात. पिनो न्वारची साल पातळ, रंग बेताचा, म्हणून टाकीत वर आलेला सालींचा थर किती वेळा आणि किती जोराने खाली दाबायचा यावर दोन देशांचे वाइनमेकर तासन्‌तास बोलतात. घड देठासकट आंबवायचे की मणी सोडवून, हे ठरवताना ते देठ दाताखाली धरून चावतात. देठ हिरवट, कडवट लागला तर मणी सोडवतात. तपकिरी होऊन लाकडासारखा झाला असेल तर काही घड अख्खेच जाऊ देतात. हा निर्णय कसा होतो ते जवळून पाहता यावे एवढ्यासाठीसुद्धा मी येथे येण्याचा सल्ला देईन.

तरीही नाशिकची नोकरी सोडून लगेच येऊ नका. हंगामी काम काही आठवड्यांचे असते, कायम जागा थोड्या, आणि क्वीन्सटाउन हे पर्यटकांचे शहर जवळ असल्याने घरभाडे जड जाते. बागकामासाठी हंगामी मजूर आणण्याची जी सरकारी योजना आहे, ती मुख्यतः पॅसिफिक बेटांवरील लोकांसाठी आहे. तुमचा व्हिसा कोणत्या प्रकारचा असेल हे इमिग्रेशन न्यूझीलंडच्या नियमांतूनच तपासा, दलालाच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. स्थायिक व्हायचेच असेल तर लिंकन विद्यापीठातील द्राक्षशेती व वाइननिर्मितीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हा मला अधिक भरवशाचा मार्ग वाटतो.

तोडणी मार्चमध्ये असली तरी वायनऱ्यांना पत्रे आदल्या वर्षीच पाठवा. त्यांत कोणत्या जातीची द्राक्षे हाताळली, किती लिटरच्या टाक्या सांभाळल्या, आंबवण्याचे तापमान आणि साखरेच्या नोंदी स्वतः ठेवल्या का, एवढे नेमके लिहा, आणि राहण्याची सोय कोण करणार हे उत्तरात लेखी मागून घ्या.