डेकच्या जुन्या फळ्या काढताना

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या घराचा डेक (घराला जोडलेला लाकडी ओटा) १९९८ चा आहे. फळ्या खिळ्यांनी ठोकल्यात. कटावणी लावली की फळी मोडते, खिळा जॉइस्टमध्येच (फळ्यांखालच्या आडव्या तुळईतच) राहतो.

जोर चुकीच्या जागी पडतोय. कटावणी दोन जॉइस्टच्या मध्ये न लावता खिळ्याला लागून लावा. आधी रेलिंग उतरवा, मग बाहेरच्या कडेपासून सुरुवात करा. प्रत्येक जॉइस्टवर फळी अर्धा-अर्धा इंच उचलत पुढे सरका. एकच टोक ओढलंत तर ती चिरते आणि खिळ्याचं डोकं तिच्यातून आरपार जातं. कटावणीच्या टाचेखाली लाकडाचा तुकडा हवाच. टाच थेट जॉइस्टवर टेकली तर तिथे खळगा पडतो आणि नवी फळी डुगडुगते. फळी गेली तरी चालेल, जॉइस्ट जपायचा. डेकखाली उभं राहता येत असेल, तर जॉइस्टच्या कडेला ठोकळा धरून खालून हातोडी मारा. तरीही हटत नसेल, तर रेसिप्रोकेटिंग सॉला (पातं मागेपुढे हलवणाऱ्या विजेच्या करवतीला) धातू कापणारं बाय-मेटल पातं लावून फटीतून खिळा कापा.

प्रश्न : स्क्रू जागच्या जागी फिरतात, डोकी झिजलीत.

खाचेतली माती टोकदार खिळ्याने कोरून काढा, नवा बिट हातोडीने ठोकून बसवा आणि अंगाचा भार देऊन सावकाश उलटा फिरवा. नाहीच जमलं तर ड्रिलने डोकं उडवा, फळी उचला, उरलेला दांडा लॉकिंग प्लायरने (घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीने) फिरवून काढा.

प्रश्न : काढलेल्या फळ्या शेकोटीत जाळल्या तर?

कृपा करून जाळू नका. २००३ अखेरपर्यंत अमेरिकेत घरगुती डेकचं बहुतेक प्रक्रिया केलेलं लाकूड सीसीएचं, म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक मुरवलेलं असे. जाळलं की हे विष धुरात आणि राखेत उतरतं. भाजीच्या वाफ्यांनाही या फळ्या नकोत. कापताना एन-९५ मास्क घाला, खाली ताडपत्री अंथरा, कपडे वेगळे धुवा. विल्हेवाटीचं गावाच्या कचरा केंद्रात विचारा.

प्रश्न : सांगाडा ठणठणीत दिसतो. वर कंपोझिट (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या) फळ्या टाकू का?

आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, विशेषतः खिळ्यांच्या भोकांपाशी आणि लेजरवर, म्हणजे डेकला आधार देणाऱ्या घराच्या भिंतीवरच्या तुळईवर. टोक सहज रुतलं, ओला भुसा निघाला, तर तेवढा भाग बदलायचा. लेजर नुसत्या खिळ्यांवर असेल तर काम तिथेच थांबवा. डेक घरापासून सुटून कोसळतात ते बहुधा यामुळेच. अर्धा इंची बोल्ट किंवा लॅग स्क्रू (लाकडात बसणारे जाड स्क्रू) लागतील. कंपोझिटसाठी जॉइस्टमधलं अंतर सहसा मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच, तिरप्या मांडणीला १२. नव्या फळ्या बसवण्याआधी जॉइस्टच्या माथ्यावर ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) चिकटवा, म्हणजे जुन्या भोकांत पाणी शिरणार नाही.