पाय मोकळे, म्हणून घाई नको

बाबू, वेकस्केट म्हणजे दोरी धरून पाण्यावर ओढलं जाताना उभं राहायची फळी. वेकबोर्डही तशीच फळी, पण तिथं पाय बांधलेले असतात; इथं नसतात. बूट घालून खरखरीत फळीवर उभं राहायचं, स्केटबोर्डसारखंच. म्हणून तोल गेला की फळी लाथेनं दूर लोट. तिच्या काठानं माझी नडगी फुटली होती.

पाण्यात उकिडवा बस, टाचा फळीवर टेकव, हात सरळ ठेव. विंचनं, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या यंत्रानं, दोरी हळू ओढली की पाण्याच्या दाबानं फळी तळव्याला चिकटते. ते जाणवलं की मगच उठ. स्वतः दोरी खेचलीस की तोंडावर आपटलास म्हणून समज.

आपल्या पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळच्या तलावांत, उन्हाळ्यात पाणी उतरतं, बुंधे वर येतात. शिंगाड्याचे वेल, जाळी कुठं आहेत ते तिथं मासेमारी करणाऱ्या ढिवरभाऊंना आधी विचार. लाइफ जॅकेट मात्र पोहता येत असलं तरी घालच.