फॉलिक ॲसिड की मिथिलफोलेट?

प्रश्न : पाळी चुकून आठवडा झाला असून घरी केलेल्या चाचणीत दिवस राहिल्याचे दिसले आहे. डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी लिहून दिली. परंतु अमेरिकेतील नणंद म्हणते की, अनेकांच्या शरीरात ते पचतच नाही, म्हणून तिने आणलेले मिथिलफोलेटच घ्यावे. काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : डॉक्टरांनी दिलेली गोळी आजच सुरू करा. बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया असलेली न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत बंद होते; ती नीट बंद झाली नाही, तर मज्जारज्जूचे व्यंग राहते. (म्हणूनच ही गोळी खरे तर दिवस राहण्याच्या महिनाभर आधीपासून घ्यायची असते.)

नणंदबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. एमटीएचएफआर या जनुकाच्या एका प्रकारात फॉलिक ॲसिडचे शरीराला वापरता येणाऱ्या मिथिलफोलेटमध्ये होणारे रूपांतर मंदावते. पण ते थांबत नाही, आणि तेवढीच गोळी घेऊन अशा व्यक्तींच्या रक्तातील फोलेट (हे जीवनसत्त्व; फॉलिक ॲसिड व मिथिलफोलेट ही त्याचीच रूपे) सुमारे १६ टक्केच कमी भरते. मज्जारज्जूचे व्यंग टळते हे प्रत्यक्ष चाचणीत सिद्ध झाले, ते फॉलिक ॲसिडने. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ च्या चाचणीत, ज्यांच्या आधीच्या गर्भात असे व्यंग होते त्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर ते पुन्हा उद्भवण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. मिथिलफोलेटनेही रक्तातील फोलेट वाढते. तथापि ते या कसोटीला अद्याप उतरलेले नाही. त्या बाटलीवर ‘६८० मायक्रोग्रॅम डीएफई’ (म्हणजे अन्नातील फोलेटच्या हिशेबात मोजलेली मात्रा) असे छापलेले असेल, तर आतले प्रत्यक्ष औषध ४०० मायक्रोग्रॅमच असते, हेही पाहून ठेवा.

मला गोळीच्या प्रकारापेक्षा मात्रा अधिक विचार करण्याजोगी वाटते. सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. ५ मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या साडेबारा पट. आधीच्या बाळाला व्यंग असणे, फिट्सची काही औषधे चालू असणे, मधुमेह असणे अशा कारणांसाठी एवढी मात्रा योग्यच ठरते. मात्र आपल्याकडे दुकानात सहज मिळते म्हणूनही ती पुष्कळदा लिहिली जाते. गोळी परस्पर बंद न करता, ‘मला ५ मिलिग्रॅम कशासाठी?’ असे डॉक्टरांना सरळ विचारा. आपण शाकाहारी असाल तर बी-१२ ची तपासणीही त्याच भेटीत करून घ्या, कारण जास्त फॉलिक ॲसिडमुळे बी-१२ च्या अभावाने होणारा रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.