विण्यापूर्वी जनावराचे तापमान का उतरते आणि त्यावरून काय ओळखावे

प्रश्न : दिवस भरत आलेल्या गाईचे तापमान काल संध्याकाळी १०२.२ अंश फॅरनहाइट होते, आज त्याच वेळी ते १०१ भरले. गाय चारा खाते, रवंथही करते. हा आजार समजावा का? तापमानावरून विण्याची वेळ खरोखर कळते का, आणि इतर जनावरांनाही हे लागू पडते का?

उत्तर : गाय खात असेल, रवंथ करत असेल आणि दिवस भरत आले असतील, तर ही घट आजाराची नसून बहुधा ती विण्याच्या तयारीला लागल्याची खूण आहे. गाभण काळ टिकवून ठेवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शरीराचे तापमान किंचित वर ठेवते. म्हणूनच शेवटच्या आठवड्यांत गाईचे तापमान नेहमीपेक्षा थोडे चढलेले आढळते आणि अनेक जण त्याला ताप समजून घाबरतात. दिवस भरल्यावर वासराच्याच शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागते, त्यामुळे गाईच्या बीजांडकोशावरील पीतपिंड (प्रोजेस्टेरॉन तयार करणारी गाठ) विरघळतो, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने कमी होते आणि विण्याआधीच्या एक-दोन दिवसांत तापमान साधारण ०.५ ते १ अंश फॅरनहाइटने, कधी त्याहूनही अधिक, खाली येते.

मात्र एकाच नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निरोगी गाईचे तापमान पहाटे कमी व संध्याकाळी जास्त असते आणि हा रोजचा फरकच जवळजवळ एका अंशाइतका असू शकतो; त्यामुळे कालची संध्याकाळ आणि आजची सकाळ यांची तुलना केली, तर नसलेली घट दिसते. आपण दोन्ही दिवशी एकाच वेळी मोजले, हे योग्य केले. अपेक्षित तारखेच्या किमान आठवडाभर आधीपासून सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी नोंद ठेवावी आणि सकाळची सकाळशी, संध्याकाळची संध्याकाळशी ताडून पाहावी. थर्मामीटरला दोरी बांधून, टोकाला तेल किंवा व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकेल असे धरावे, कारण ते शेणात रुतले तर आकडा चुकीचा येतो. उन्हात बांधलेल्या किंवा नुकतेच भरपूर पाणी प्यालेल्या जनावराची नोंद लगेच घेऊ नये.

एवढे करूनही तापमान नेमका तास सांगत नाही. माझ्या मते त्याचा खरा उपयोग उलट बाजूने आहे: घट दिसली नाही, तर पुढच्या बारा-चोवीस तासांत गाय विण्याची शक्यता कमी असते आणि रात्रभर जागण्याची गरज सहसा पडत नाही; घट दिसली, तर कास व सड भरणे, निरण (योनीचे बाहेरचे तोंड) सैल होणे, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडणे ही लक्षणेही जुळतात का, ते पाहावे.

म्हैस, मेंढी आणि शेळी यांच्यातही अशीच घट होते. म्हशीचे तापमान मात्र ऊन आणि डुंबणे यांमुळे बरेच हलते, म्हणून तिला सावलीत काही वेळ उभी ठेवूनच मोजावे. कुत्रीत ही खूण अधिक ठळक असते. तापमान ९९ अंशांच्या खाली गेले की साधारण चोवीस तासांत पिल्ले होतात. घोडीतील घट इतकी लहान असते की तिच्यावर विसंबता येत नाही. डुकरिणीत तर उलट घडते : विण्याच्या सुमारास तिचे तापमान वाढते, त्यामुळे केवळ त्या वाढीवरून तिला तापाचे औषध देऊ नये.

पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसल्यानंतर तासाभरात प्रगती झाली नाही, तर तापमान काहीही असले तरी पशुवैद्यकाला बोलवावे. विल्यानंतरही दहा दिवस रोज तापमान पाहावे. ते १०३ अंशांच्या वर गेले आणि दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर गर्भाशयाचा दाह संभवतो. याउलट नुकतीच व्यालेली गाय थंड पडली, कान गार लागले, मान पोटाकडे वळवून बसली आणि उठेना, तर तो दुग्धज्वर (रक्तातील कॅल्शियम घटल्याने होणारा आजार) असण्याची दाट शक्यता असते. नावात ज्वर असला तरी यात तापमान उतरते. अशा गाईला तोंडाने औषध पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तिला छातीवर टेकवून बसवावे आणि पशुवैद्यक येऊन शिरेतून कॅल्शियम देईपर्यंत आडवी पडू देऊ नये.