शॉवर मध्येच गार पडतो, दोष कुणाचा?

प्रश्न : आमच्याकडे ८.५ किलोवॅटचा, टाकी नसलेला इलेक्ट्रिक शॉवर आहे. सुरुवातीला पाणी छान येतं, मग सोसवणार नाही इतकं कढत होतं आणि एकदम गारढोण पडतं. जरा वेळाने आपोआप पुन्हा गरम. मेकॅनिक म्हणाला, 'कटआउट गेलाय, डायरेक्ट करून देतो.' घरात वयस्कर सासूबाई आहेत, म्हणून विचारते. करून घेऊ का?

उत्तर : नको, ताई. ते काम आधी थांबवा.

कटआउट म्हणजे एलिमेंटच्या डब्यावर बसवलेली छोटी चकती. पाणी ठरावीक तापमानाच्या वर गेलं की ती एलिमेंटची वीज तोडते आणि निवली की पुन्हा जोडते. आधी कढत, मग गार, मग आपोआप गरम, असा क्रम तुम्ही लिहिलाय. म्हणजे चकती आपलं काम चोख करतेय. ती 'डायरेक्ट' केली तर पाणी तापतच राहील आणि अडवणारं कुणी उरणार नाही. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं. सासूबाईंना तेवढ्यात बाजूला होता येईल का, याचा विचार करा.

आता पाणी इतकं तापतं का, ते पाहू. माझ्या अनुभवात अशा तक्रारींत बहुतेक वेळा वीज ठीक असते, पाणी कमी पडत असतं. एलिमेंट ८.५ किलोवॅटची उष्णता देणारच, मग त्यातून पाणी थोडं जावो की भरपूर. मिनिटाला ५ लिटर पाणी गेलं तर ते साधारण २४ अंशांनी तापतं. तेच ३ लिटरवर आलं तर ४० अंशांनी. येणारं पाणी १५ अंशांचं असेल तर पहिल्या वेळी ३९ अंश, म्हणजे अंघोळीला हवं तसं. दुसऱ्या वेळी ५५. आणि उन्हाळ्यात येणारं पाणीच २५ अंशांचं असलं की ६५! म्हणून थंडीत कुरकुर न करणारा शॉवर उन्हाळ्यात नखरे करतो. त्या दिवसांत पॉवरचं बटण एक पायरी खाली ठेवायचं.

इथे एक चूक जवळजवळ सगळ्या घरांत होते. पाणी गार पडलं की आपण तापमानाची चकरी 'गरम'कडे फिरवतो. बऱ्याच शॉवरमध्ये ती चकरी वीज वाढवत नाही, पाण्याची धार कमी करते. म्हणजे कटआउट निवून जोडला जातो तेव्हा पाणी आधीपेक्षाही कमी असतं आणि तो आणखी लवकर तुटतो. चकरी उलट, 'गार'कडे फिरवून बघा. तेवढ्यानेच पाणी एकसारखं यायला लागलं तर कारण धारेतच आहे.

मग धार मोजा. एक लिटरचं माप शॉवरखाली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंदांत भरलं तर मिनिटाला ५ लिटर, २० सेकंद लागले तर ३. आता शॉवरचा झारा काढून नुसत्या पाइपने पुन्हा मोजा. धार एकदम वाढली तर झाऱ्याच्या भोकांत क्षार साठलेत. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. रबरी टोकं असतील तर अंगठ्याने चोळली तरी पांढरे कण सुटून येतात. झारा काढूनही फरक पडला नाही तर पाइप बदलून पाहा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पाइपचं आतलं अस्तर कधी कधी पिळून बसतं, ते वरून कळत नाही.

तरीही धार बारीकच? मग अडथळा शॉवरच्या आधी आहे. कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. पाणी आत शिरतं तिथे एक बारीक जाळी असते, तिच्यात वाळू आणि गंज अडकतो. तिच्यासाठी कव्हर उघडावं लागतं, त्यामुळे ते काम जाणत्या माणसाकडूनच, एमसीबी पाडून आणि पाणी बंद करून.

धार चांगली, पाणी जेमतेम कोमट, आणि तरी वीज तुटते, असं झालं तरच कटआउटवर संशय घ्यायचा. तेव्हाही त्याच मॉडेलचा, त्याच तापमानाचा नवा बसवायचा.

एक गोष्ट मात्र लगेच तपासा. शॉवरचा स्विच हाताला गरम लागतो का? जळका वास, पिवळट डाग? ८.५ किलोवॅटला ३७ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. स्क्रू जरासा सैल असला तरी तो सांधा तापतो. असं काही दिसलं तर शॉवर वापरणं त्या क्षणी बंद करा आणि वायरमनला बोलवा.

प्रश्न : शॉवर बंद करून लगेच पुन्हा लावला की पहिला लोट कढत का येतो?

उत्तर : वीज तुटली तरी एलिमेंट गरम असतं आणि डब्यात अडकलेलं पाणी तापत राहतं. तोच पहिला लोट. काही सेकंद झारा बाजूला धरा, हाताने अंदाज घ्या, मग अंगावर घ्या. अंघोळ झाल्यावर शेवटचं अर्धं मिनिट नुसतं गार पाणी सोडलं तर हा त्रास कमी होतो आणि डब्यात क्षारही सावकाश साठतात.