टार्टन म्हणजे देवक? छे!

प्रश्न आहे : 'टार्टन म्हणजे स्कॉटिश घराण्यांचं देवकच ना? आणि प्लेड म्हणजे तेच का?'

दुसऱ्याचं उत्तर आधी. गेलिक ही स्कॉटिश डोंगराळ भागाची, म्हणजे हायलंडची भाषा. तिच्यात 'प्लाइड' म्हणजे घोंगडी. टार्टनच्या रंगीत चौकडीच्या नक्षीलाच प्लेड म्हणायची खोड अमेरिकेची.

टार्टन ही वीण आहे. ताण्यात रंगांचा जो क्रम आणि जेवढे धागे, तेच बाण्यात. धागा दोनांवरून, दोनांखालून, दर ओळीला एक घर सरकत जातो. त्यामुळे सहा रंगांतून एकवीस छटा दिसतात : सहा शुद्ध, पंधरा मिश्र. बाणा सैल ठोकला की चौकडी लांबट होते आणि सगळा डौल जातो.

शब्द बहुधा फ्रेंच 'तिरतेन' या मिश्र सुताच्या कापडावरून आला. गेलिकमधल्या 'आडवं' या अर्थाच्या शब्दातून तो ओढून काढणारे विद्वान नुसत्या ध्वनीवर भाळलेत. गेलिकांचा स्वतःचा शब्द 'ब्रेखकन', म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं. त्याच धातूवरून ट्राउट माशाचं नाव, जसं आपलं चितळ.

आता देवक. १७०३ साली मार्टिन मार्टिन या स्कॉटिश लेखकाने लिहिलं की नक्षीवरून माणूस कुठल्या बेटाचा ते कळतं. बेटाचा! कुळाचा नव्हे. १७४६च्या कायद्याने हायलंडी पोशाखावर बंदी आली, ती १७८२त उठली. स्कॉटलंडातल्या बॅनकबर्नच्या विल्सन विणकाम कारखान्यात कित्येक नक्ष्यांना आधी नुसते क्रमांक होते, कुळांची नावं मागून चिकटली. १८१५त कुळांच्या सरदारांकडे 'आपापलं' टार्टन मागितलं, तेव्हा कित्येकांना ते ठाऊकच नव्हतं. १८४२चं 'प्राचीन' म्हणवणारं टार्टनांचं पुस्तक तर बनावट निघालं. आणि एकच टार्टन म्हणून कुणाचं लग्न अडल्याचं ऐकलंय का? एकच देवक असलं की आपल्याकडे सोयरीक बारगळते.

देवक शोधायचंच तर टोपीत शोधा. तिथे कुळाची डहाळी खोचतात : मॅकडोनल्डांची हीदर झुडपाची, ग्रँटांची पाइनची. आपला कळंब, आपलं पंचपल्लव आठवा. त्यात 'क्लॅन', म्हणजे स्कॉटिश कूळ, हा शब्दच मुळात रोपटं! लॅटिन 'प्लांता', म्हणजे कोंब. जुन्या आयरिशला 'प' जमेना, तिने 'क' केला (ईस्टर सणाच्या लॅटिन 'पास्खा'चं 'कास्क' झालं तसंच) आणि 'क्लांद' म्हणजे लेकरंबाळं झाली. आपला 'वंश' म्हणजे तरी काय? बांबू. एकाच बेटातून फुटत जाणारे कोंब. माझ्या मते डहाळी आणि 'क्लॅन' ही एकाच कल्पनेची दोन टोकं आहेत. हा योगायोग आहे म्हणणाऱ्यांनी 'वंशवेल' हा शब्द आधी कोशातून काढून दाखवावा.