‘एक लाइफ गेली’ या प्रयोगाविषयी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत व्हिडिओ गेमच्या स्टॉलवर मुले ‘अजून दोन लाइफ आहेत बे’ असे म्हणतात. ही ‘लाइफ’, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा खेळण्याची संधी, खेळात आली कोठून आणि तिला ‘जीव’ का म्हणत नाहीत, असे तेथील एका वाचकांनी विचारले आहे.

कल्पना व्हिडिओ गेमहून जुनी आहे. पिनबॉलच्या, म्हणजे उतरत्या फळीवर चेंडू खेळवून गुण मिळवण्याच्या, यंत्रात एका डावाला ठरावीक चेंडू मिळत आणि गॉटलीब कंपनीच्या १९६०च्या ‘फ्लिपर’ या यंत्रात जादा चेंडू जिंकण्याचीही सोय होती. १९७६ साली आलेल्या ‘ब्रेकआउट’ या व्हिडिओ गेममध्ये हीच मोजणी दिसते, त्याच वर्षीच्या ‘सी वुल्फ’मध्ये मात्र वेळेचे बंधन होते. जपानी गेम-रचनाकार तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) चेंडूची जागा तोफेने घेतली. पडद्याच्या तळाशी डावीकडे उरलेल्या तोफांचा आकडा आणि त्यांची छोटी चित्रे दिसत. शत्रू खाली जमिनीपर्यंत पोहोचला, तर शिल्लक तोफा असूनही डाव संपे, हा त्यातला बारकावा. पुढे ‘पॅक-मॅन’ (१९८०) आणि ‘डाँकी काँग’ (१९८१) यांत पात्रच मरू लागले, तेव्हा ‘लाइफ’ हा शब्द अधिक चपखल बसला.

मराठीला खेळातले मरण नवे नव्हते. सारीपाटात सोंगटी मरते; हुतूतूत गडी मरतो आणि प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की पुन्हा जिवंत होतो. कबड्डीच्या या प्रकाराला ‘संजीवनी’ असे समर्पक नाव आहे, तर ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहतो आणि केवळ गुण मोजला जातो. तरीही ‘जीव’ हा शब्द शिल्लक मोजण्याच्या कामी आला नाही, याचे कारण माझ्या मते त्याच्या अर्थात आहे: ‘दोन जीव’ म्हटले की आपल्याला दोन प्राणी कळतात, ‘दोन जिवांची’ म्हणजे गरोदर स्त्री, आणि ‘जीव गेला’ म्हटल्यावर पुढच्या डावाची सोयच उरत नाही. म्हणूनच एकच मुलगा ‘मी मेलो’ हे मराठीत सांगतो आणि हिशेब ‘लाइफ’मध्ये ठेवतो. हा शब्द बोलण्यात स्त्रीलिंगी रुळलेला असल्याने लेखनातही ‘एक लाइफ गेली, दोन लाइफ उरल्या’ असेच लिहावे. ‘लाइफा’ असे अनेकवचन करण्याची गरज नाही.